वाकळेच्या प्रत्येक चौकोनात वेगळी फ्री मोशन नक्षी: चौकोन आक्रसतात, मागे फास येतात

सुईदोरा, खानापूर
वाकळेचा वरचा थर जोडून झालाय. १२ इंची ३५ चौकोन, ५ आडवे, ७ उभे, म्हणजे ६० बाय ८४ इंच. आत कापसाचं बॅटिंग, म्हणजे मधला भरावाचा थर, खाली सुती साडीचं अस्तर. पायमशीनला मोटर आहे. प्रत्येक चौकोनात वेगळी फ्री मोशन नक्षी हवी, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत शिवलेली. नमुना शिवून बघितला, तर बारीक खड्यांच्या, म्हणजे छोट्या छोट्या गोलांच्या नक्षीचा चौकोन आक्रसला आणि शेजारचा मोठ्या नागमोडीचा फुगला. वळणांवर मागच्या बाजूला धाग्याचे फासही येतात. दोन्हीचं कारण एकच का?

टाका, वडगाव
नाही ताई, कारणं वेगळी. मागे दिसणारे फास वरच्या धाग्याचे असतात. सरळ रेषेत टाका चांगला आणि वळणावरच फास, तर हात मशीनपेक्षा जोरात फिरतोय. वळणावर आपोआप हात पळतो, तिथेच तो आवरा आणि मोटर एका गतीत ठेवा. इंचाला ८ ते १० टाके पडले पाहिजेत. सगळीकडेच फास असतील तर वरच्या धाग्याचं टेन्शन (ताण) सैल आहे, नाहीतर धागा ताण देणाऱ्या चकत्यांत बसलेला नाही. फूट, म्हणजे सुईजवळचा कापड दाबणारा पाय, वर करून पुन्हा ओवा, चकत्या तेव्हाच उघडतात.

सुरुवातीलाच खाली गुंता झाला तर फूट खाली करायचा राहिलाय. या नक्षीला लागणारा रफूचा फूट कापडावर घट्ट दाबून बसत नाही, म्हणून नजरेला चटकन कळत नाही. फूट वरखाली करणारी मागची दांडी बघायची सवय लावा. कापड पुढे सरकवणारे मशीनचे दात खाली पाडा. सोय नसेल तर त्यांच्यावर पत्र्याचं झाकण बसवा. सुई नवी, १४ नंबरची.

शिवण, निपाणी
आक्रसण्याचं सांगतो. टाके दाट तिथे कापड आत ओढलं जातं, विरळ तिथे मोकळं राहतं आणि फुगतं. नक्षी कितीही वेगवेगळ्या घ्या की, पण रेषांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवा. पाऊण इंच धरा: नागमोडी, लाटा, पानं, ज्वाळा, वेटोळी सगळं त्यात बसतं. वेटोळं काढताना आत जाणाऱ्या रेषांत दीड इंच सोडा, कारण त्याच वाटेने बाहेर यायचं असतं. पाव इंची खडे पूर्ण चौकोनभर नकोच. फारच आवडत असतील तर सगळ्याच चौकोनांत थोडे थोडे घाला.

नक्षीआधी सगळ्या जोडरेषांवर सरळ शिलाई मारा, त्याला दात वर हवेत. मग मधल्या चौकोनापासून बाहेर. पिना दर ४ इंचांवर. अस्तर चारी बाजूंनी ४ इंच जास्त, म्हणजे ६८ बाय ९२. साडेपाच मीटरच्या साडीतून ९२ इंचांचे दोन तुकडे निघतात, ते उभे जोडा. विरलेला भाग मात्र घेऊ नका, दाट टाक्यांनी तो फाटतो.

कापडचोपड, शहापूर
अस्तराची साडी लाल काठाची असेल तर ओलं पांढरं फडकं काठावर घासून बघा. रंग लागला तर आधीच धुऊन काढा, वाकळ झाल्यावर उपाय नाही.

आणि आखणीचं. ज्याची शाई हवेत आपोआप उडून जाते तो जांभळा पेन खानापूरच्या पावसाळी दमटपणात फार लवकर पुसट होतो; एका वेळी एकच चौकोन आखा, नाहीतर शिंप्याचा खडू घ्या. पाण्याने जाणारा निळा पेन वापरलात तर आधी गार पाण्याने धुवा. त्यावर इस्त्री फिरली की डाग पक्का बसतो.