आर्केड रोमसेट: शंभरेक गेमसाठी कोणता घ्यावा?

खटपट्या:
जुन्या लॅपटॉपवर रेट्रोआर्च (अनेक एम्युलेटर एकाच मेनूतून चालवणारा प्रोग्राम) आणि त्यात मेम २००३-प्लस (जुन्या आर्केड मशीनची नक्कल करून गेम चालवणारा एम्युलेटर) टाकलंय. गेमच्या फाइल्स (रोम, म्हणजे मशीनच्या चिप्समधून वाचलेला डेटा) मात्र अगदी नव्या मेमच्या सेटमधल्या आहेत. काही गेम चालतात, बाकीचे काळा पडदा दाखवून परत मेनूत. हजारो गेम नकोत, निवडक शंभरेक पुरे. कोणता सेट घेऊ आणि फोल्डर कसे लावू?

जॉयस्टिकवाला:
दुखणं आवृत्तीचं आहे. २००३-प्लस बेतलाय मेमच्या ०.७८ या जुन्या आवृत्तीवर. त्यानंतर बऱ्याच गेमच्या चिप्स नव्याने, नीट वाचल्या गेल्या, त्यामुळे झिपमधल्या फाइल्स बदलल्या. म्हणून आधी कोअर (रेट्रोआर्चमधला एम्युलेटर, तुमच्याकडे २००३-प्लस) पक्का करा, मग त्याच कोअरसाठीचा सेट. उलट क्रमाने गेलात की हेच होणार.

सेट नॉन-मर्ज्ड, स्प्लिट आणि मर्ज्ड अशा प्रकारे बांधलेले असतात. शंभरच हवेत तर डोळे झाकून नॉन-मर्ज्ड. त्यात प्रत्येक झिप आपल्यापुरती जवळजवळ पूर्ण असते. स्प्लिटमध्ये क्लोनच्या (मूळ गेमच्या दुसऱ्या आवृत्तीच्या) झिपमध्ये फक्त वेगळ्या फाइल्स असतात, बाकीच्या मूळ गेमच्या झिपमधून घेतल्या जातात. पॅकमॅन स्वतः पकमॅनचा क्लोन, म्हणजे पकमॅनची झिप 'जपानी आवृत्ती कशाला' म्हणून उडवलीत की पॅकमॅनही गेला! मर्ज्डमध्ये सगळं खानदान एकाच झिपमध्ये. पूर्ण संग्रह ठेवणाऱ्यांना ते सोयीचं.

बायोस (मशीनचं स्वतःचं, अनेक गेमना सामाईक सॉफ्टवेअर) मात्र वेगळा ठेवाच. मेटल स्लगसारख्या गेमना निओजिओची झिप शेजारी लागते.

चिपचोर:
+१. दोन गोष्टी जोडतो. झिप उघडू नका आणि तिचं नाव बदलू नका, एम्युलेटर गेम त्या छोट्या नावावरूनच ओळखतो. आणि शंका आली तर रोमव्हॉल्ट या रोम तपासणाऱ्या प्रोग्रामला त्या कोअरची डॅट फाइल (सेटमधल्या गेमची आणि फाइल्सची यादी) द्या. काय कमी आहे ते चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवून तोच सांगेल.

मारामारीचे गेम, मोटारींचे गेम असे फोल्डर करायचा मोह होतो, पण बायोस आणि पेरंट (क्लोनचा मूळ गेम) त्याच फोल्डरात शोधले जातात. सगळं एकाच ठिकाणी ठेवा, वर्गवारी रेट्रोआर्चच्या प्लेलिस्टमध्ये (गेमच्या यादीत) करा.

खटपट्या:
पण मग यादीत ती विचित्र छोटी नावंच दिसणार ना?

चिपचोर:
नाही. रेट्रोआर्चच्या मॅन्युअल स्कॅनमध्ये (फोल्डर वाचून यादी बनवताना) आर्केड डॅट फाइल निवडायची सोय आहे. तीच डॅट तिथे द्या, पूर्ण नावं येतील.

जॉयस्टिकवाला:
आणि किलर इन्स्टिंक्टसारखे हार्डडिस्कवाले गेम सुरुवातीला वगळा. त्यांना झिपबरोबर सीएचडी फाइलही (मशीनच्या हार्डडिस्कची नक्कल) लागते, तीही गेमच्या छोट्या नावाच्या फोल्डरात. जुन्या लॅपटॉपला ते झेपेल असं वाटत नाही.