मांजराला खेळ, ट्रिक्स खरंच शिकवता येतात का?

केतकी_पान:
मंडळी, आमच्याकडे तरणाताठा बोका आहे, गुंड्या. दिवसभर लोळतो आणि अंधारायला लागलं की घरभर धिंगाणा, पडदे म्हणू नका, आमचे पाय म्हणू नका, दिसेल त्यावर झडप. डोकं मात्र जबरदस्त, कपाटाच्या फटीत पंजा घालून दार उघडतो. म्हणून वाटलं की याला काहीतरी शिकवावं, बस म्हटलं की बसणं, पंजा देणं, बॉल परत आणून देणं असलं. पण खाऊ दाखवून "बस बस" म्हटलं की सरळ बोटांवरच येतो नाहीतर उठून चालायला लागतो. घरातले म्हणतात मांजर कधी शिकतं का. कुणी शिकवलंय का इथे? सुरुवात कुठून करू? आणि थोडं रागावलं तर चालतं का?

उन्हातलाओटा:
ताई, शिकतात, अगदी छान शिकतात. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवरच प्रयोग केले होते, भुकेलं मांजर पेटीत आणि खाणं बाहेर, आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडणार. आधी नुसती धडपड, मग चुकून दार उघडायचं, आणि दर खेपेला बाहेर यायचा वेळ कमी कमी होत गेला. म्हणजे ज्या हालचालीनंतर लगेच फायदा होतो ती मांजर धरून ठेवतं. सगळं गणित त्या "लगेच"मध्ये आहे, कारण खाऊ डब्यातून काढेपर्यंत तो उठलेला असतो आणि मग उठण्याचंच बक्षीस मिळतं.

म्हणून क्लिकर वापरतात, म्हणजे दाबलं की टिक वाजणारी छोटीशी डबी. आधी काहीच शिकवायचं नाही, फक्त टिक आवाज की खाऊ, टिक की खाऊ. आवाज झाल्यावर तो खाऊ शोधायला लागला की समजायचं त्याला कळलं. मग खाऊ नाकापासून थोडा लांब धरून हळूच वर आणि डोक्यामागे न्या, मान वर जाते आणि बूड आपोआप खाली येतं, टेकलं रे टेकलं की टिक. हात फार उंच नेला तर मागच्या पायांवर उभा राहून पंजा मारणारच. "बस" हा शब्द आत्ता बोलूच नका, तो न चुकता बसायला लागला की मग बसायच्या जरा आधी म्हणायचा.

बोटांवर येतो त्याचं कारण म्हणजे मांजरांना अगदी नाकापुढचं स्पष्ट दिसत नाही, तिथे मिशा आणि वास यांवरच काम चालतं. खाऊ चमच्यावरून द्या किंवा जमिनीवर टाका.

मिशाळ:
वरचं सगळं बरोबर, फक्त वेळेचं सांगते. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चळवळी असतात त्यामुळे तो धिंगाणा घालतो ती वेळच शिकवणीला धरा, जेवणाच्या आधी, दोन-तीन मिनिटं बास. तो निघून जायच्या आत तुम्ही थांबवा म्हणजे पुढच्या वेळी स्वतःहून येईल. खाऊ मुगाएवढा, आणि दिवसाच्या एकूण कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका नाहीतर बोका गोल होतो.

बॉल आणायचं म्हणाल तर २०२३ मध्ये वस्तू आणून देणाऱ्या मांजरांच्या ९०० हून जास्त मालकांना विचारून एक अभ्यास झाला, त्यातली बहुतेक मांजरं कुणी न शिकवता आपणहून आणायला लागली होती. तेव्हा तो तोंडात काय धरून फिरतो ते बघा आणि तेच फेका. आमची मनी बॉलकडे ढुंकून बघत नाही पण कागदाचा चुरगळलेला बोळा फेकला की पळत जाते आणि आणून पायाशी टाकते, तिथून सगळं सुरू झालं.

दोरी, लोकर, रबरबँड मात्र खेळून झालं की उचलून ठेवा प्लीज. गिळलं तर आतड्यात अडकतं, ऑपरेशनपर्यंत जातं. आणि लेझर लाइट खेळवत असाल तर शेवटी खरं खेळणं त्याच्या पंजात येऊ द्या, शिकार हाती लागल्याशिवाय मांजराचं समाधान होत नाही.

उन्हातलाओटा:
रागावण्याचं राहिलंच. अजिबात नको. ओरडलं की त्याला "हे करू नये" कळत नाही, "हा माणूस धोक्याचा" एवढंच कळतं आणि मग तो जवळच येत नाही. चुकलं तर खाऊ नाही, बास. शेपूट आपटायला लागला किंवा कान आडवे केले तर तिथेच थांबायचं. हातापायांवर झेपावतो त्याला लांब काठीचं पिसांचं खेळणं द्या, हात हे खेळणं नाही हे त्याला कळायलाच हवं.

केतकी_पान:
खूप खूप आभार! आज संध्याकाळी बॉलपेनच्या खटक्याने सुरू केलं. पण टिक केलं की दचकून कान मागे नेतोय, काय करू?

मिशाळ:
पेन कापडात गुंडाळून खिशात ठेवा आणि तिथूनच दाबा, आवाज मऊ येतो. तरी दचकला तर जिभेने टॉक करा, पण दर वेळी तोच आवाज. आणि पंजा द्यायचं आत्ता काढू नका, बसणं पक्कं होऊ दे आधी.