मदत हवी आहे: यमनकल्याण रागातल्या शुद्ध मध्यमाला पेटीची (हार्मोनियमची) साथ कशी करावी?

यमनकल्याणच्या अंगाचं भावगीत, केरवा, लय संथ, गायिकेचा स्वर काळी चार (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा). अंतरा उतरताना 'प म॑ ग म ग रे' अशी जागा आहे (म॑ म्हणजे तीव्र मध्यम, म म्हणजे शुद्ध). तीव्र मध्यमाला सरावलेल्या कानाला तो शुद्ध मध्यम क्षणभरच लागतो, आणि गाण्याचा सगळा जीव तिथेच आहे. गायिका 'म' वरून 'ग' वर मींडेने, म्हणजे न तुटता घसरत, येते. पेटीवर हे काळी एक ते पांढरी एक, मध्ये काहीच नाही, मींड तुटते.

करून पाहिलेलं: मध्यम कण (निसटता स्पर्शस्वर) म्हणून लावला, तर ती हरकत, म्हणजे झटकन घेतलेली सजावट, वाटते. दोन्ही पट्ट्या क्षणभर एकत्र दाबल्या, तर कर्कश होतं. भाता हलका केला की खर्जाच्या सुरी (रीड) आधी गप्प होतात. शिवाय पेटीचा गंधार ठरलेला, म्हणजे तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा, त्यामुळे ठेहरावही खटकतो.

पेटी साधी, दोन सुरींची, स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलण्याची सोय) नाही. व्हायोलिन, बासरी मिळणार नाही. गाण्याचा मूळ सूर बदलता येणार नाही. (कीबोर्ड सुचवू नका, त्याचा सूर या गाण्याला परका वाटतो.)

'म'–'ग'च्या त्या जागेच्या दोन मात्रांत पेटीने फक्त षड्ज धरावा, की पूर्ण थांबून रिषभावर परत यावं?