इटलीतली डोंगरावरची गावं आणि द्राक्षमळे: तुमचा तिथला एक दिवस कसा गेला?

गेल्या सप्टेंबरात आई आणि मी इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या फ्लॉरेन्सहून एक दिवसाच्या सहलीला गेलो होतो. बसमध्ये चाळीसेक जण. सिएना, दुपारी कियांती या द्राक्षमळ्यांच्या टापूतल्या एका वायनरीत जेवण, मग सान जिमिन्यानो आणि रात्री परत. आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात. ही गावं टेकडीच्या माथ्यावर, तटबंदीच्या आत, आणि बस खालीच थांबते, म्हणून मला धाकधूक होती. सिएनात वर जायला सरकते जिने आहेत हे कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

तिथला कांपो चौक शिंपल्यासारखा उतरता आहे. एके काळी नऊ जणांचं मंडळ शहराचा कारभार पाहायचं, म्हणून विटांच्या फरसबंदीचेही नऊ भाग. आई त्या उन्हाने तापलेल्या विटांवर मांडी घालून बसली आणि उठायलाच तयार नव्हती.

पण आमचा खरा दिवस गेला तो वायनरीच्या स्वयंपाकघरात. तिथल्या एक आजी फळीवर पीची वळत होत्या. पीची म्हणजे हाताने वळलेल्या जाड, लांब शेवयाच. अंडं न घालता, नुसत्या पिठाच्या आणि पाण्याच्या. आईने आयुष्यभर लग्नाघरी गव्हले वळलेत. ती हात धुऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. पहिली वळी मधेच तुटली. आजींनी काही न बोलता बोटं पाण्यात बुडवून तिच्या गोळीवर पाणी शिंपडलं. दुसरी हातभर लांब झाली, एकसारखी. "अगं, पीठ आपल्यापेक्षा कोरडं आहे, पाण्याचा हात लागतो," आई मला म्हणाली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी अर्धी परात त्यांनी मिळून संपवली. त्याच पीची लसूण-टोमॅटोच्या रश्शात आमच्या ताटात आल्या.

तुम्ही गेला असाल तर लिहा. कुठलंही गाव चालेल.

* * *

ताई, आमच्या सहलीत एका दिवसात चार ठिकाणं होती, आणि सान जिमिन्यानोला मिळाली जेमतेम ४० मिनिटं. ज्या गावात एके काळी ७२ मनोरे होते आणि आजही चौदाएक उभे आहेत, तिथे माणसाने धावत कसं बघायचं? मला अजून हळहळ वाटते. बुकिंग करताना गावांची संख्या बघू नका, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार ते विचारा. आणि कडक शाकाहारी असाल तर पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, चाखण्याआधी चौकशी करा, ते बहुतेक प्राण्यांच्या रेनेटने (वासरा-कोकरांच्या जठरातल्या पाचक रसाने) विरजलेलं असतं.

* * *

मी निफाडचा द्राक्ष बागायतदार. आम्ही अठरा जण जुलैअखेर गेलो होतो. बाकीचे वाइन चाखत होते, आम्ही बागेत उकिडवे बसून ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, बघत होतो. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, वेल वर्षभर जागा. तिकडे थंडीत पानं गळून वेल आपोआप झोपतो आणि त्या झोपेत एकच छाटणी होते. आमच्यासारखा मांडव नाही, कमरेएवढ्या तारा.

मालक सांजोवेजे या वाइनच्या द्राक्षाचे हिरवे, निरोगी घड कापून खाली टाकत होता. आपणही विरळणी करतो, पण एवढे घड मातीत बघून पोटात गोळा आला. विचारलं तर कळलं, वाइनला कियांती क्लासिको हे तिथल्या टापूचं नाव लावायचं तर हेक्टरी साडेसात टनांच्या वर माल धरता येत नाही. म्हणजे एकरी तीन टन! आमच्या बागेत खायच्या द्राक्षांचे दहा निघतात. परवडतं कसं, हे आम्ही तीनदा विचारलं. त्याने वेलीवर राहिलेला एक घड तळहातावर तोलून दाखवला आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, "मी टन विकत नाही, गावाचं नाव विकतो." ते आमच्या गटात अजून बोललं जातं. नाशिकच्या मातीचं नावही असंच जपायला हवं, हे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत मांडतो.

* * *

आम्ही टस्कनीत नाही, शेजारच्या उंब्रियात गेलो, मोंतोने नावाच्या छोट्या गावात. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेत होते. त्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर ते एकटे चालून गेले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, लहानपणी आजोबा मला तिथे न्यायचे आणि टोपी काढून उभे राहायचे.

मोंतोनेत २०२३ मध्ये घाडग्यांचं स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. आम्ही सहा भावंडं तिथे उभी राहिलो, कुणाला बोलवेना. धाकट्या बहिणीने रायगडावरून आणलेली चिमूटभर माती पायथ्याशी ठेवली. नंतर तटावर जाऊन खालचं खोरं पाहिलं. जैतुनाची झाडं, सूर्यफुलांची शेतं, सगळं शांत. वाइनचा एक पेला घेतला तो त्यांच्या नावाने.

* * *

दादा, हे आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. आता विचारते आहे, मोंतोनेला तिला जमेल का?

* * *

नक्की जमेल. आम्ही पेरूजाहून गाडी केली होती, पाऊण तास लागला. गावात चढ आहे, दगडही गुळगुळीत आहेत, तेव्हा काकूंचा हात धरून सावकाश न्या. आणि ऊन असताना जा, घड्याळाची सावली दिसायला हवी.