मदत हवी आहे : मनातल्या मनात आकृती फिरवण्याच्या चाचणीसाठी अहिराणी सूचना

नमस्कार. मी जळगाव येथे मानसशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून, अवकाशीय विचारक्षमता (आकार, कोन व दिशा मनात हाताळण्याची क्षमता) व्यक्तीव्यक्तींमध्ये का वेगळी असते, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, दोन घनाकृती एकच आहेत की एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, हे ओळखायला लागणारा वेळ त्यांच्यातील कोन वाढेल तसा सरळ प्रमाणात वाढत जातो. म्हणजे माणूस ती आकृती जणू मनात खरोखरच फिरवून पाहतो. याच धर्तीवरची कागदी चाचणी मी वापरत आहे.

अडचण सूचनांची आहे. चोपडा तालुक्यातील प्राथमिक फेरीत एका अनुभवी गवंडीकाकांनी ‘प्रतिबिंब’ हा शब्द ऐकून आकृती पाण्यात पाहावी तशी उलटी धरली आणि पहिली चार उत्तरे चुकवली. विटेचा कोन नजरेने जोखणाऱ्या माणसाचे गुण भाषेमुळे कमी पडावेत, हे मला पटत नाही. (पुस्तकी मराठी माझीच होती, त्यांची नव्हे.)

‘जागेवरच फिरवणे’ आणि ‘डावे-उजवे उलटणे’ यांतील फरक घरच्या अहिराणीत कसा सांगतात? धुळे-नंदुरबारकडे शब्द बदलत असल्यास गावासह कळवावे. वाट सांगताना आपली वडीलधारी मंडळी डावे-उजवे म्हणतात की ‘सातपुड्याच्या अंगाला’ असे म्हणतात, हेही लिहिल्यास फार उपयोग होईल.