22 फ्रेट पुरेत, 24 चा हट्ट कशाला?

नौपाडा_बावीस

भाच्याला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हणून गेल्या रविवारी ठाण्याहून लोकल पकडून वाशीच्या एका दुकानात गेलो. मी 22 फ्रेटची (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एक उचलली, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काका, आता सगळे 24 च घेतात. दोन फ्रेट जास्त मिळतात ना." केळेवाला डझनावर दोन केळी वर टाकतो तसं. भाचा लगेच त्याच्या पार्टीत. रिकाम्या हाताने परत आलो आणि स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत भांडत चालत गेलो.

माझं म्हणणं असं, की ते दोन फ्रेट फुकट मिळत नाहीत. साडेपंचवीस इंची, म्हणजे 648 मिमी स्केलच्या (वाजणाऱ्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर 22 वा फ्रेट ब्रिजपासून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथून) साधारण 182 मिमीवर पडतो आणि 24 वा 162 वर. मधले दोन सेंटिमीटर कुठून आणणार? नेक पिकअपच्या, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या नेकजवळच्या चुंबकाच्या जागेतून. पिकअप ब्रिजकडे सरकतो, आणि जितका सरकेल तितका आवाज टोकदार होत जातो. स्ट्रॅटचा (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) नेक पिकअप बरोबर तिथे असतो जिथे 24 वा फ्रेट आला असता. त्या जागेवरचा गोल, भरलेला आवाज हीच तर त्या गिटारची कमाई. ती विकून काय घेतलंत? 23 व्या आणि 24 व्या फ्रेटमधली साडेनऊ मिमीची फट. माझं बोट त्याहून जाड आहे.

आणि 22 व्या फ्रेटवर पहिल्या, सर्वांत बारीक तारेचा डी असतो. तार एक पूर्ण स्वर ओढली की 24 वाल्यांचा ई हजर. 1954 ची पहिली स्ट्रॅट तर 21 फ्रेटची होती आणि जिमी हेंड्रिक्ससारख्या गिटारवादकाचं त्यात काही अडलं नाही.


ऐरोली_ड्रॉप_डी

काका, पूर्णपणे असहमत.

24 म्हणजे कालपरवाची फॅशन असं तुम्हाला वाटत असेल तर क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे बघा. 1963 मध्ये वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली, नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं आणि फ्रेट बसवले 24. त्याच गिटारवर तो आयुष्यभर वाजवतोय. (आणि त्याच्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, म्हणजे गिटार अर्धी आपलीच.)

24 ला अर्थ आहे. प्रत्येक तारेवर बरोबर दोन सप्तकं. जाड ई च्या 82 हर्ट्झपासून बारीक ई च्या 24 व्या फ्रेटवरच्या 1318 हर्ट्झपर्यंत पूर्ण चार सप्तकं होतात. 22 वर हिशेब दोन पायऱ्या आधीच थांबतो. ओढून ई मिळतो, मान्य. पण टॅपिंगमध्ये (फ्रेटवर बोटं आपटून वाजवताना) किंवा भरधाव अर्पेजिओत (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवताना) त्या ई वर एक क्षण टेकून खाली यायचं असतं, तिथे तार ओढायला वेळ कुठे असतो? शिवाय माझ्याकडे ई फ्रेटवर आहे म्हणून मी तो ओढून एफ शार्पला जातो. तुम्ही कुठे जाणार?

बोट जाड असेल तर तो गिटारचा दोष नव्हे :)


वर्तकनगर_सतार

मी गिटारवाली नाही, पण हा वाद ओळखीचा वाटला म्हणून लिहिते. फ्रेट म्हणजे आमचे पडदे. सतारीला ते वीसेक असतात आणि वरचे सूर काढायला कोणी पडदे वाढवत बसत नाही. एकाच पडद्यावर तार खेचून चार-पाच स्वरांची मींड निघते. थेट गाठलेला सूर आणि खेचत नेलेला सूर यांत वाटेतल्या श्रुतींचा फरक असतो. माझं मत 22 ला. 21 ला सुद्धा चालेल.


ऐरोली_ड्रॉप_डी

ताई, मग सगळेच पडदे काढून सरोदच घेऊया का?


वर्तकनगर_सतार

घ्या की, नाही कोण म्हणतंय! पण एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगते. सतारीचे पडदे रुंद आणि कमानदार असतात, बाजाची (मुख्य) तार आडवी ओढायला भरपूर जागा मिळते. भाच्याची गिटार मी मागे हातात घेतली होती (माझा भाचा, यांचा नव्हे). दीड स्वर ओढेपर्यंत शेजारच्या दोन तारा बोटाखाली गोळा झाल्या. तेव्हा मींडीचा हिशेब जसाच्या तसा तुमच्या वाद्याला लागत नाही.


तर्री_कमी

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्यालाच हात घालतो. नेक पिकअपची ती "जागा" हे अर्धं सत्य आहे. 24 व्या फ्रेटची जागा म्हणजे मोकळ्या तारेचा बरोबर चौथा हिस्सा. तिथे चौथ्या हार्मोनिकचा (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या उपस्वराचा) स्थिर बिंदू येतो, म्हणून पिकअपला तो हार्मोनिक जवळजवळ ऐकू येत नाही. इथपर्यंत ठीक. पण हे तार मोकळी असेपर्यंतच! पाचव्या फ्रेटवर बोट ठेवलंत की उरलेल्या तारेच्या हिशेबात तीच जागा एक तृतीयांशावर जाते. बाराव्यावर ठेवलंत तर बरोबर मध्यावर, म्हणजे आता दुसरा हार्मोनिक गायब. प्रत्येक फ्रेटवर गणित बदलतं. मग जादूची जागा उरली कुठे?


नौपाडा_बावीस

तर्री, हे मी असं मांडून कधी बघितलं नव्हतं. "बरोबर तिथे" हे शब्द मागे घेतो. पण पिकअप ब्रिजच्या जवळ गेला की आवाज उजळ होतो हे तरी खरं ना? तिथे तारेचं मूळ आंदोलन लहान असतं, वरच्या हार्मोनिकचा वाटा वाढतो. ते कुठल्याही फ्रेटवर बोट ठेवलं तरी लागू आहे.


तर्री_कमी

तेवढं खरं. फक्त "जागा" म्हणू नका, "अंतर" म्हणा. आणि दोन सेंटिमीटरच्या फरकाहून टोनचं बटण जास्त काम करतं असं माझं मत.


कळवा_सोल्डर

मी गिटारी दुरुस्त करतो, त्यामुळे मला दोन्ही पार्ट्यांचं मीठ आहे. पाहिलेलं सांगतो.

माझ्याकडे फ्रेट घासून घ्यायला येणाऱ्या गिटारींत पहिल्या पाच-सात फ्रेटना तारेच्या खोबणी पडलेल्या असतात. 17-18 च्या वर बहुतेकांचे फ्रेट कोरे, दुकानातून आणल्यासारखे. त्यात 24 वालेही आले. ऐरोलीकर, तुमची गिटार अपवाद असेल तर आनंद आहे, एकदा दाखवायला आणा.

स्वस्तातल्या बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने बसवलेल्या) गिटारींत नेक बॉडीला जिथे भेटते तिथून पुढे फिंगरबोर्ड कधीकधी किंचित वर उचललेला असतो. मग 15 व्या फ्रेटवर तार ओढली की ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर गुदमरतो. 21 असोत की 24, हे बघून घ्या. दुकानात पहिल्या तारेवर बाराच्या पुढचा प्रत्येक फ्रेट ओढून बघायचा, लाजायचं नाही. सेल्समन तोंड वाकडं करेल. करू दे.

कटअवे बघा. बॉडीची खाच खोल नसेल आणि मागचा जोड चौकोनी ठोकळा असेल तर 24 असूनही हात 20 लाच अडतो. उलट गिब्सनच्या एसजी गिटारला फ्रेट 22 च, पण शेवटपर्यंत हात सरळ जातो. माझ्या मते आकडा विचारण्याआधी हे बघावं.

आणि 22 वाल्यांनी फार उड्या मारू नयेत. स्ट्रॅटच्या ढंगाच्या गिटारीत 22 वा फ्रेट नेकच्या टोकाबाहेर आलेल्या जिभेवर बसवतात. ती जीभ पिकगार्डवर (वायरिंग झाकणाऱ्या बॉडीवरच्या पत्र्यावर) येते, त्यामुळे आतली एक वायर जोडायची तरी आधी नेक सोडवावी लागते. 21 वाल्यात ही कटकट नाही. पावसाळ्यात माझं अर्धं काम हेच.


नवरात्र_ऑर्केस्ट्रा

पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय, 22 च्या गिटारवर. त्या उंचीवर आधीच बासरी, कीबोर्ड आणि गायिका बसलेले असतात. तिथे मी गेलो तर साउंडवाला माझाच फेडर खाली करतो. पुढे चर्चा चालू द्या.


ऐरोली_ड्रॉप_डी

कळवा_सोल्डर दादा, गिटार आणतो. खोबणी 12 ते 17 मध्ये आहेत, 24 वर नाहीत, हे आधीच कबूल करून टाकतो. पण म्हणून ते काढून टाकायचे का? एका कंपनीच्या तर 24 आणि 22 अशा दोन्ही गिटारी आकड्याच्या नावानेच विकल्या जातात, पीआरएसच्या. ज्याला जे हवं ते.


नौपाडा_बावीस

अपडेट. काल संध्याकाळी चाचणी घेतली. माझी 22 ची आणि शेजारच्या मुलाची 24 ची. शिंप्याच्या टेपने मोजलं. माझा नेक पिकअप ब्रिजपासून सव्वासोळा सेंटिमीटर, त्याचा चौदाला जरा कमी. अ‍ॅम्प तोच, वाजवणारा मीच, तोच तुकडा, पडद्याआडून. ऐकायला माझी ताई, भाचा आणि ताईच्या सासूबाई. दहा वेळा वाजवलं. ताई पाचदा बरोबर, भाचा सहादा. सासूबाई दहापैकी दहा! मी तर उड्याच मारायला लागलो, म्हटलं बघा, कानाला कळतंय.

मग विचारलं, कसं ओळखलंत? म्हणाल्या, "तुझ्या गिटारीचं बटण फिरवलं की आधी खरखर होते."


तर्री_कमी

शिवाय दोन्ही गिटारींचे पिकअप वेगळे असणार. चाचणी बाद.


कळवा_सोल्डर

व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (बटणाखालच्या भागात) धूळ आहे. घेऊन या, क्लीनर मारून देतो. नेक मात्र सोडवावी लागेल.