मदत हवी आहे : नऊ होलच्या गोल्फ मैदानावर जादा टी कुठे बांधाव्यात?

नमस्कार. आमच्या क्लबच्या मैदान समितीने प्रत्येक होलवर सध्याच्या दोन टींऐवजी (टी म्हणजे पहिला फटका मारण्याचा चौथरा) चार टी करण्याचे ठरवले असून, त्यांच्या जागा सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अमेरिकेत 2011 साली सुरू झालेल्या 'टी इट फॉरवर्ड' मोहिमेनुसार, ज्याचा ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबचा) फटका साधारण 200 यार्ड जातो त्याने अठरा होलसाठी 5,200 ते 5,400 यार्डांचे मैदान खेळावे; आमचे मैदान मात्र पुढच्या टीपासूनही 5,900 यार्डांचे आहे (नऊ होल दोनदा खेळून), त्यामुळे ज्येष्ठ सभासद आणि बहुतेक महिला पार-4 (चार फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या) होलवर दोन फटक्यांत ग्रीनपर्यंत (होलच्या खळग्याभोवतीच्या हिरवळीपर्यंत) पोहोचूच शकत नाहीत.

खरी अडचण चौथ्या होलची आहे. मागच्या टीपासून 150 यार्डांवर फेअरवे (टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) आडवा छेदणारा ओढा आहे. नवी टी ओढ्याच्या अलीकडे ठेवली, तर कमी ताकदीच्या खेळाडूला पाणी ओलांडण्याची सक्ती कायम राहते. पलीकडे ठेवली, तर होल इतका सोपा होतो की त्यात काही रस उरत नाही, शिवाय पावसाळ्यात तिथे पाणी साचते. ओढ्याच्या कडेने तिरकी टी बांधून कमी अंतराचा एक मार्ग मोकळा ठेवणे मला पटते, पण तसे कोणी प्रत्यक्ष केले आहे का?

पार-3 होलवर टीवरून आयर्न (कमी अंतराच्या फटक्यांचे, धातूच्या पात्याचे क्लब) वापरल्यामुळे गवत लवकर उखडते, म्हणून तिथे टीचा चौथरा किती मोठा ठेवावा, आणि नव्या टींचे कोर्स रेटिंग (मैदान किती अवघड आहे याचे अधिकृत मोजमाप) पुरुष व महिला दोघांसाठी करून घेताना कोणती काळजी घ्यावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.